चांदीचं खापर

चांदीच्या भातुकलीचं वेड लागलं की माणूस कामातून जातं. मी गेलेच आहे. बोटाच्या पेराएवढा रॉकेलचा स्टोव्ह कशाला हवा, असं नवरा विचारतो आणि मग भिंग घेऊन स्वतःच त्याचा पंप हलतो का बघत बसतो. मी धुळ्याची, पण माझं चांदीचं बाहुलीघर भरलंय ते जळगावच्या सराफ बाजारातल्या एका कारागिराने. त्याने केलेल्या दाराची कडी खरोखर लागते.

गेल्या श्रावणात त्याचा निरोप आला, बंब झालाय, तोटी फिरते. मला दम कुठला? सकाळच्या एसटीने जळगाव गाठलं. तो ज्या शेठजींच्या दुकानामागे बसतो तिथे शिरले, तर शेठजी मोड तोलत होते, म्हणजे आटवायला आलेली जुनी चांदी. समोर गादीवर पाचोऱ्याच्या एक अक्का. पणतीचं बारसं तोंडावर आलेलं, तिला वाळे करायचे होते. तुटकी जोडवी, करदोट्याचा तुकडा, असं सगळं तराजूत पडलं.

"आणि ही वाटी," शेठजी म्हणाले.

मी वाकून ती वाटी बघितली. वाटीची बाहेरची बाजू इतकी घासलेली कशाला असेल?

"थांबा शेठजी, ते खापर आहे," म्हणत मी ती तराजूतून उचललीच आणि पालथी घातली. आमच्याकडे चुलीवर खापर पालथं घालतात आणि त्याच्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. शेठजींच्या पिढ्या जळगावात गेल्या, पण त्यांच्या घरी मांडे येतात ते विकतचे. त्यांना ती वाटीच दिसणार.

"खापरच शे ते," अक्का हसल्या. "मनी मायनं शे."

अहो, किती वर्षं मी हे शोधत होते. पुण्या-नाशकाच्या भातुकलीत सगळं मिळतं, खापर मिळत नाही. मी तिथल्या तिथे पायातले पैंजण काढले. "अक्का, वजनाला वजन घ्या. जास्तच घ्या."

"तुनी चांदी चांगली शे, पन ती तुनी शे," अक्का म्हणाल्या.

त्यांना पणतीच्या पायात आपल्या आईचीच चांदी हवी होती. म्हणून तर आटणी डोळ्यांदेखत करून घ्यायला त्या स्वतः आल्या होत्या. आमच्याकडची रीतच आहे ती.

मागे भट्टी तापत होती. मी आपली बडबडत सुटले. काठ बघा किती बारीक वळवलाय, पाठ बघा कशी एकसारखी ठोकलीय, असं दुसरं अख्ख्या खान्देशात दाखवा. आवाज रडवेला झाला, माझी मलाच लाज वाटली, पण तोंड थांबेना. ऐकता ऐकता अक्कांनी खापर माझ्या हातून घेतलं आणि मांडीवर पालथं ठेवलं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत नाचवत त्यांनी नसलेला मांडा मोठा मोठा केला आणि अलगद त्यावर टाकला. कारागीर काम सोडून बघत राहिला.

"वाळा हलका करा," त्या शेठजींना म्हणाल्या. "हे मोडनं नही."

माझा जीव भांड्यात पडला. "मग मला देताय?"

"तुले कसाले? पोर खेळीन." आणि खापर कमरेच्या पिशवीत गेलं.

वाचलं म्हणून मी हरखले होते आणि मिळालं नाही म्हणून जळत होते, दोन्ही एकदमच. अक्का काम उरकून उठल्या, दारात थांबल्या. "पन चूल नही शे इले," स्वतःशीच म्हणाल्या.

चांदीची चूल. वैलासकट, आत फुंकणीसुद्धा जाईल अशी. ती कारागिराने एकदाच घडवली होती आणि माझ्या बाहुलीघरात सगळ्यात पुढे होती. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मुद्दाम रस्त्याकडे बघितलं. पिशवीची नाडी आवळत अक्का पायरी उतरत होत्या.

"अक्का," मी म्हणाले, "बारसं कधी आहे? चूल मी घेऊन येते."