हिरव्या आकड्यांची भिशी

तो कॅल्क्युलेटर आम्ही पहिल्यांदा पाहिला तो धरमपेठेतल्या एका दुकानाच्या काचेआड. दुपार होती. रस्त्यावर एवढं ऊन होतं की काचेत आधी आम्हीच दिसलो. तीन मुली, छातीशी धरलेल्या वह्या, आणि त्या प्रतिबिंबात नेमकं वह्यांच्या जागी निळ्या मखमलीवर ठेवलेलं ते काळं यंत्र. अजूनही डोळे मिटले की मला ते तसंच दिसतं, आमच्या आतच कोणी ठेवल्यासारखं.

आम्ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. स्टॅटिस्टिक्सच्या लेखी पेपरात कॅल्क्युलेटर न्यायला त्या वर्षी परवानगी मिळाली होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझं शिक्षण शिष्यवृत्तीवर चाललं होतं आणि नापास झाले की ती बंद होणार होती. बाकीचं मला जमायचं. पण किचकट गुणाकारांसाठी लॉग टेबलांचं पुस्तक उघडलं की ओळ चुकेल या भीतीनं मी एकेक आकडा दोनदा बघायची, कधी तीनदा. सहामाहीचा पेपर त्यापायी अर्धा राहिला होता. हे मी मैत्रिणींनाही नीट सांगितलं नव्हतं.

दुकानदारानं दोन नमुने काढले. एक साधा, बेरीज-वजाबाकीचा. दुसरा भारी.

"इसमें सब है, बेटी. लॉग, रूट, मेमरी. पाचशे चाळीस."

माझ्या बाबांचा महिन्याचा पगार त्याहून कमी होता. मी हात मागे घेतला.

"मेमरी म्हणजे?" माझ्या शेजारच्या घरातली मैत्रीण म्हणाली. "आपल्यापेक्षा जास्त हाये का?"

"अगं, एक आकडा लक्षात ठेवतो तो," धरमपेठेतली मैत्रीण म्हणाली. तिचे वडील कचेरीत होते आणि तिला अशा गोष्टी माहीत असायच्या.

"एकच? अन् त्याचे एवढे पैसे? माही आजी अख्ख्या गल्लीची उधारी ध्यानात ठेवते, फुकटात."

दुकानदारानं बटण दाबलं. काचेच्या पट्टीत हिरवा शून्य उजळला. आम्ही तिघी पुढे वाकलो.

भिशीची कल्पना माझ्या या शेजारणीची. जरीपटक्याकडच्या आमच्या वस्तीत बायकांची भिशी चालायची. दर महिन्याला सगळ्या जणी पैसे टाकायच्या आणि पाळीनं एकेकीला ती रक्कम मिळायची. "आपण उलटं करू," ती म्हणाली. "पैसे एकदाच टाकायचे अन् यंत्र पाळीनं फिरवायचं. आठवडा-आठवडा." त्या महिन्यात भिशी नेमकी आईला लागली होती. तिनं माझा वाटा काढून दिला. शेजारणीनं शिवणकामाचे पैसे आणले, तिसरीला घरून मिळाले, आणि आम्ही तो भारी नमुनाच घेतला.

त्याआधी पंधरा दिवस आम्ही वाद घातला. सेल किती दिवस टिकतील, हिरवे आकडे की लाल, बिघडला तर नागपुरात दुरुस्त होईल का, बटणं घामानं खराब होतील का. कव्हरच्या रंगावरूनही अबोला धरून झाला. एक गोष्ट मात्र कोणाच्या डोक्यात आली नाही.

पहिला आठवडा माझा होता. बाबा हिंगण्याहून कंपनीच्या बसनं आले, हातपाय धुऊन यंत्रासमोर बसले. चौथीपर्यंत शिकले होते, पण औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्यांना तोंडपाठ.

"औट सत्ते किती, विचार तिले."

मी बटणं दाबली. २४.५.

"साडेचोवीस. बरोबर सांगून राहिली," ते म्हणाले. परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

आईनं पदराला हात पुसले. "माहं वय काढते का वं ते?"

"जन्माचं साल लागते, आई."

"साल कुठलं? दीक्षेच्या वर्षी तू पोटात होती. तवा मी वीस-एकवीसची असन."

दीक्षेचं साल छप्पन, ते मला ठाऊक होतं; पण वीस-एकवीस कसं टाकायचं ते कळेना. त्या आठवड्यातल्या दुपारी मी ओढणी डोक्यावरून घेऊन आत यंत्र लावायची. हिरवा उजेड ओढणीच्या जाळीतून पसरायचा. मी आईचं वय वीस धरून मोजायची, मग एकवीस धरून, आणि मधल्या त्या एका वर्षात ती कुठे असेल, काय करत असेल, याचा विचार करता करता झोपून जायची.

मग परीक्षेचं वेळापत्रक लागलं. नोटीस बोर्डासमोर शेजारीण एकदम म्हणाली, "अवं, पेपर तं तिघींचा एकाच टायमाले हाये!"

आम्ही पोट धरून हसलो. मग हसू थांबलं. पेपरचा आठवडा धरमपेठेतलीचा होता. हॉलमध्ये वस्तू इकडून तिकडे द्यायची नाही, हे सरांनी आधीच बजावलं होतं.

धरमपेठेतली मला म्हणाली, "तुला लॉगचं टेन्शन येतं ना?"

"नाही गं," मी म्हणाले.

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"आमच्या भिशीत काय करते, मालूम हाये? कोणाची अडचण असली तं पाळी सोडते बाया. पण तोंडानं सांगा लागते, सगळ्यांसमोर. मनातलं कोण वाचते?"

"मले लाज वाटते."

"मंग लॉग पाय."

मी महिनाभर लॉग पाहिलं. वेग वाढला, पण पुरेसा नाही. घड्याळ लावून बसले की शेवटची दोन गणितं राहायचीच.

पेपरच्या दिवशी हॉलबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही उभ्या होतो. झळा सुरू झाल्या होत्या. धरमपेठेतलीच्या हातात कॅल्क्युलेटर होता. पहिली घंटा झाली. मी म्हणाले, "मला पाहिजे. मला लॉग जमत नाही. नापास झाले तर माझं कॉलेज सुटेल."

एवढं मागायची मला सवय नव्हती. कान तापले होते.

"एवढं बोलायला महिना लावलास?" तिनं तो माझ्या हातात ठेवला. तो तिच्या हातानं गरम झाला होता.

शेजारीण म्हणाली, "घे वं. मी तं आजीची नात हाये."

हॉलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक, उजवीकडे एक. दोघींच्या लॉग टेबलांची पानं उलटायचा आवाज येत होता, हळूहळू, वाऱ्यानं चाळल्यासारखा. माझ्यासमोर हिरवे आकडे येत होते. उन्हात ते फिकट दिसत, म्हणून मी डाव्या हाताची सावली धरून वाचत होते. मी एकही आकडा दुसऱ्यांदा पाहिला नाही.

शेवटचं उत्तर लिहिलं तेव्हा वेळ उरला होता. त्या दोघींची पानं अजून वाजत होती. मी यंत्र बंद केलं, ओढणीनं पुसलं, कव्हरात घातलं. सेल वाचायला हवे होते. पुढचा आठवडा शेजारणीचा होता.