वन्संच्या धनुष्याची दोरी

"खांदा दुखायला लागला की गरम पाण्याची पिशवी कोण भरतं? मीच ना?"

"वहिनी भरते. तू नुसता 'भरली का' म्हणून विचारतोस."

हे खरं होतं. मी भांडी विसळत राहिले. बहिणीच्या दुखऱ्या खांद्यावरून बहीणभावाची सकाळपासून जुंपली होती.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. हॉस्पिटलात चादरी-टॉवेलांची खोली सांभाळतात. लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर एक दिवस कंपाउंड धनुष्य घेऊन आल्या. त्याच्या दोन्ही टोकांची चाकं बघून हे म्हणाले होते, "कोणाची सायकल मोडलीस?"

रविवारी त्यांची स्पर्धा होती आणि नेमकी दोरी बिघडली. दोरीच्या मधोमध, जिथे बाणाची खाच बसते, तिथे दोऱ्याचे घट्ट वेढे असतात. त्याला सर्व्हिंग म्हणतात. ते उसवलं होतं. असं धनुष्य मैदानात आणायचं नाही, असं तिरंदाजीच्या क्लबात बजावलं होतं. दुकानवाला पंधरा दिवस लागतील म्हणाला.

"सुंठीवाचून खोकला गेला," हे म्हणाले.

वन्सं कामाला लागल्या. टेबलावर जुनी चादर पसरली, बाणाची जागा चाकापासून मोजून ठेवली, जुना दोरा सोडवला आणि नवा गुंडाळायला घेतला. दोऱ्याचं रीळ बसवलेलं छोटंसं हत्यार दोरीभोवती फिरवायचं असतं. ते पहिल्याच वेढ्याला हातातून निसटलं. मग पुन्हा निसटलं. यांना राहवेना.

"सरक. जन्मभर नळांच्या आट्यांना टेप गुंडाळलीय मी. कुठे थेंब गळला असेल तर दाखव."

हे प्लंबर, निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. वन्सं कात्री शोधायला आत गेल्या तेवढ्यात यांनी एक थर पूर्ण केला आणि नळाला करतात तसा त्यावर दुसराही चढवला.

वन्संनी धनुष्य आडवं धरून दोरीला बाण लटकवला आणि दोरीवर टिचकी मारली. बाण ढिम्म.

"बघितलंस? हलत नाही!" हे खुशीत.

"दादा, टिचकीसरशी पडायला हवा तो. बाण सुटायचा असतो रे!"

मला हसू आवरेना. यांनी माझ्यावर डोळे वटारले, पण मग स्वतःच नखाने टोक शोधून सगळं सोडवायला बसले. एरवी हा माणूस आपण बसवलेल्या नळाला दुसऱ्याला हातसुद्धा लावू देत नाही.

दुसऱ्या खेपेला धनुष्य यांच्या मांडीवर आणि हत्यार वन्संच्या हातात.

"हलक्या हाताने," हे म्हणाले.

"आता तू मला हलका हात शिकव."

एकच थर झाला. शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून कापलं, त्याला लायटरची धग दिली. बाण लटकवला. राहिला. टिचकी मारली, तसा अलगद चादरीवर पडला.

"पडला!" हे असे ओरडले, जणू बहीण बोर्डात पहिली आली. मग भानावर येऊन म्हणाले, "पण खांद्याचं काय?"

"दुखला तर थांबेन. ते मी ठरवीन."

वन्संनी चादरीची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली.

"रविवारी पहाटे मी स्पर्धेला जाणार आहे. एकटी. जेवायला माझी वाट बघू नका."