तळ्याकाठच्या वाडीची पहिली पाहुणी

मी वीर स्टेशनवर उतरले तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. महाडपर्यंत सोडणाऱ्या रिक्षावाल्या चाचांनी विचारलं, "पोलादपूरच्या वर? तिकडे काय हाय बघायला?"

"तळं," मी म्हटलं.

"पाणी तर आमच्या महाडात पन हाय की!"

मी हौशी लोकांच्या छोट्या सहली काढते. डोंगरातल्या एका कातकरी वाडीनं निरोप धाडला होता, आमच्याकडे पाहुणे आणा, पण आधी एकदा या, मग ठरवू. पोलादपूरहून एसटी, मग पायवाट. वळणावर तळं दिसलं आणि माझी बडबड थांबली. असं सहसा होत नाही.

वाडीतल्या संगीताबाई मला काठानं फिरवत होत्या. "तंबू हितं नको, ताई. हितं आमी मासे धरतो. मानसं आमच्या घरात उतरवू. थोडीच आन. दारू नाय, मोठी गानी नाय."

सगळं पटलं. "मग हिवाळाभर दर शनिवारी आणते," मी खुशीत म्हणाले.

त्यांनी घराकडे बोट दाखवलं. "हिवाळ्यात हितं कोन नसतं गो. आमी वीटभट्टीवर. पावसाला परत येतो, मानसं तवा आनशील वाटलं. पोरीची शाळा पन सुटते. उद्या टेम्पो येनार."

ओटीवर बांधलेली गाठोडी मला आत्ता दिसली. माझा सगळा बेत रिकाम्या वाडीचा होता! फार वाईट वाटलं.

तरी त्यांनी जेवणासाठी मुठे (ओढ्यातले खेकडे) धरायला घेतले. मीही शहाणपणा करायला गेले आणि धपकन पाण्यात बसले. संगीताबाई पोट धरून हसल्या. मग गाठोडं सोडून त्यांनी तळाची कोरडी साडी मला दिली.

मुठ्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकरी खाताना गाठोडं तसंच उघडं पडलं होतं. ते परत बांधायला त्यांचे यजमान गणपत उठले.

"राहू दे," संगीताबाई म्हणाल्या. "यंदा तुमी एकले जा. मी नि पोर हितंच राहतो." मग माझ्याकडे वळून, "पन तू येशील ना, ताई?"

गणपतनी गाठोड्यातून स्वतःचे कपडे वेगळे काढले.

माझे कपडे वाळले नव्हते. "साडी नेस तशीच. शनिवारी परत आन," त्या म्हणाल्या.

वीरच्या फलाटावर लोक माझ्या आखूड साडीकडे बघत होते. मी मात्र फोनवर एकेकाला गळ घालत होते. कुणी आलं नाही तरी शनिवारी मी जाणारच. तिथं दोरीवर माझे कपडे आहेत, आणि एक पोर शाळेत आहे.