डाग दिसला पाहिजे

आमच्या गल्लीत कोणी मोठा टीव्ही घ्यायला निघालं, की संत्र्याचे व्यापारी असलेले शेजारचे काकाजी न बोलावता सोबत येतात. पांढुर्ण्याच्या दुकानात शिरले की खिशातून डागाळलेलं एक संत्रं काढतात, मोबाइलवर त्याचा फोटो घेतात आणि तो पडद्यावर लावायला सांगतात. मग हातातलं संत्रं पडद्याजवळ धरून ताडून पाहतात.

"फोर के आहे, काकाजी," दुकानदार म्हणतो.

"असन. पण डाग कुठं गेला? मंडीत असं बिनडागी फळ भेटलं त मी डोळे मिटून विकत घेईन. टीव्हीत नाही चालत. जे आहे ते दिसलं पाहिजे."

आमचा टीव्हीही त्यांनीच असा पारखून दिला. परवा त्यावर बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. काकाजी अगदी पुढ्यात बसले होते. तेवढ्यात पडद्यावर तेच आले. कलपाखालून डोकावणारे पांढरे केस एकेक मोजता येत होते. आम्ही सगळे हसू दाबून बसलो.

काकाजींनी क्षणभर पाहिलं. मग उठून खुर्ची थेट मागच्या भिंतीपाशी नेली.

"एवढा मोठा टीव्ही," ते बसत म्हणाले, "दुरूनच पाहा लागते, बाबू."