पान्याचे दोन ठोके

कंपनीतल्या आमच्या शॉपमध्ये पत्रे दाबणाऱ्या प्रेसचा आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी तो "काय?" म्हणणार. म्हणून मेंटेनन्सच्या जोड्या आपापल्या खुणा ठरवून घेतात. आमची खूण पान्याची होती; लोखंडाचा ठोका त्या गोंगाटातही कळतो. मशीनमध्ये हात घातलेला माणूस बाजूला झाला की त्याने सांगाड्यावर पान्याने ठोकायचं, जरा थांबून पुन्हा ठोकायचं. दोन ठोके ऐकले की पॅनलपाशी उभ्या असलेल्याने मशीन चालू करायचं.

कंपनीचा नियम वेगळा होता. दोघांनीही मेन स्विचला आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, म्हणजे आत कुणी असेपर्यंत मशीन चालूच होणार नाही. आम्ही दोघांत एकच कुलूप लावायचो, माझं. जोडीदाराचं लॉकरमध्ये पडून असायचं. दुसरी एखादी जोडी दोन कुलपं लावताना दिसली की आम्ही हसायचो, यांचं अजून जमलेलं दिसत नाही म्हणून. आमची जोडी नऊ वर्षांची होती. माज होता आम्हाला. त्याचं मला माहीत नाही, मला नक्की होता.

जोडीदार कंपनीशेजारच्या निघोजे गावचा, पिढीजात तिथलाच. मी मराठवाड्यातून आलेला, काळेवाडीत भाड्याने राहणारा. त्याच्या घरची जमीन कंपन्यांमध्ये गेली होती, पण त्याचं रडगाणं त्याने कधी गायलं नाही. कॅन्टीनच्या नळाला पाणी बारीक आलं की तेवढं म्हणायचा, "हितं आमची हीर व्हती. बुजवली तुमी." आणि मीच बुजवल्यासारखं माझ्याकडे बघायचा.

त्या दिवशी दुपारी कन्व्हेयरची चेन तुटली. तो जाळी काढून, आत हात घालून नवी कडी बसवत होता. मधे खांब असल्याने पॅनलपासून तो मला दिसत नव्हता. सुपरवायझर येऊन माझ्या खांद्यापाशी उभा राहिला. बोलत काहीच नव्हता, नुसता घड्याळ बघत होता. असं कुणी मागे उभं राहिलेलं मला सहन होत नाही, डोकं फिरतं. मी कुलूप आधीच काढून हातात घेतलं होतं. तेवढ्यात लोखंडावर लोखंड वाजलं. एकदाच. दुसरा ठोका येतोच आहे असं धरून मी बटण दाबलं आणि प्रेसच्या आवाजातही त्याची किंकाळी ऐकू आली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं.

दवाखान्याच्या जिन्यात सेफ्टी ऑफिसरने मला विचारलं, "इशारा मिळाला होता?"

"हो."

"किती ठोके?"

"दोन," मी म्हणालो.

आधीपासून काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. मग मॅनेजरला सांगितलं, युनियनच्या माणसाला सांगितलं, घरी बायकोला सांगितलं आणि दर वेळी ते जास्त खरं वाटायला लागलं. अहवालात आलं की कामगाराने हात आत असतानाच इशारा दिला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सही नेहमीपेक्षा चांगली आली आहे, याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना मधेच उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकायला लागलं की हातातला घास तसाच राहतो आणि मी मोजायला लागतो. "जरा बसा की," असं बायको म्हणते, आणि मी तिच्यावरच खेकसतो. कंपनीत आता मी दोन कुलपं लावतो आणि दोन्ही ओढओढून बघतो. मध्यंतरी आम्हाला ट्रेनिंगला बसवलं. पडद्यावर आमच्याच कन्व्हेयरचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'चुकीचा इशारा'. ट्रेनिंग देणारा पोरगा फार मन लावून समजावत होता. त्याची मानगूट धरावीशी वाटली, आणि मुळात त्याचा काय दोष होता?

आम्हाला सुट्टी गुरुवारची. दोन गुरुवार मी निघोज्याला म्हणून मोटारसायकल काढली, तळवड्यापर्यंत गेलो आणि इंद्रायणीच्या पुलावरून माघारी फिरलो. एकदा तर घरी काहीतरी कारण पाहिजे म्हणून येताना दीड किलो कांदे घेतले. तिसऱ्या गुरुवारी मात्र कुठेही न थांबता गेलो.

तो ओट्यावर बसला होता. उजव्या हाताला अजून पट्टी होती. डाव्या हातात पाना धरून तो लोखंडी खाटेच्या पायावर हळूहळू ठोकत होता. मला बघून थांबला.

"ये भावा. बस. बघत व्हतो जरा."

"काय?"

"मला काय बी आठवत न्हाई रं. कडी बसवत व्हतो एवढं ध्यानात हाय. पण मी ठोकलं कवा? दोन्ही हात तर आत व्हते."

वहिनी चहा घेऊन आल्या, माझ्या हातात कप देऊन आत गेल्या. मी उभाच होतो.

"पाना निसटला आसंल का, आसं बी वाटतं," तो म्हणाला. "पण निसटला तर एकदाच वाजंल. दोनदा कसा वाजंल? म्हंजी मीच ठोकलं आसंल, येड्यावानी. तू कशाला खोटं सांगशील?"

कप खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही.

"दादा, एकच वाजला," मी म्हणालो. "मी दुसऱ्याला थांबलो नाही."

त्याने पाना खाटेवर ठेवला. शिवी देईल, उठून मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने पट्टीकडे बघितलं. मग आत बघून त्याने बायकोला हाक मारली. त्या पदराला हात पुसत दारात आल्या.

"हिला सांग," तो मला म्हणाला.

"दादा, मी उद्या ऑफिसात जाऊन लिहून देतो. सही माघारी घेतो. मला काढलं तरी..."

"ते तुझं तू बघ. आदी हिला सांग."

मी सांगितलं. सुपरवायझरचं सांगितलं नाही, घड्याळाचं सांगितलं नाही, कारण सांगायला लागलो असतो तर पुन्हा ते दुसऱ्याच्याच अंगावर गेलं असतं. एक ठोका ऐकला आणि बटण दाबलं, एवढंच सांगितलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "मग तुमी रोज माझ्याकडनं सदऱ्याची बटणं लावून घेताना माझी माफी कशापायी मागत व्हता?"