हुंकारा न दिलेली संध्याकाळ

सन १९९१. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा, झाशीच्या रेल्वे कारखान्यात फिटर. शाळा चौथीपर्यंत. पण मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि हे मी सीपरी बाजारात भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत असे.

तिला एक विषय होता, ॲडव्हान्स्ड फ्लुइड मेकॅनिक्स. वाहत्या पाण्याचं, हवेचं शास्त्र. लेखीत ती कधी अडली नाही. तोंडी परीक्षेत मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे मध्येच गप्प झाली आणि नापास झाली. "आता पुन्हा गप्प झाले तर कॉलेजच सोडीन, बाबा," म्हणाली. बोलेल ते करणारी, माझीच पोर.

मग रोज ती मला धडा सांगू लागली. मला ओ की ठो कळत नसे. आमच्या बुंदेलखंडात गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो, नाहीतर सांगणारा थांबतो. मी आपला "हूं, हूं" करायचो आणि ती घडाघडा बोलायची. वाटलं, जमलं!

फेरपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सहज विचारलं, "तो परीक्षक कसा होता गं?"

"काहीच बोलत नव्हता. नुसता बघत होता."

तिथे हिला हुंकारा कोण देणार?

"पुन्हा सांग," म्हटलं, आणि तोंड मिटलं.

"भिंतीला लागलेला पाण्याचा थर हलतच नाही. तो शेजारच्या थराला मागे धरतो. पुढे प्रवाह भिंत सोडतो, कारण..." थांबली. "बाबा, हूं म्हणा ना."

मी गप्प. तिच्या ओठांचा रंग उडाला.

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, पोरगी रडायला आली! हूं म्हणायला काय पैसे पडतात?"

मी जीभ दाताखाली धरली. ही इथेच मोडली तर उद्या जायचीच नाही, हे मलाही दिसत होतं.

बऱ्याच वेळाने ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कारण पुढे दाब वाढत जातो, आणि भिंतीजवळच्या संथ पाण्यात जोर उरत नाही." पुढचं अडखळत, पण शेवटपर्यंत सांगितलं. जेवली मात्र नाही. माझ्याशी बोललीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेलो नाही. तीनचाकी टेम्पोने तिला कॉलेजात सोडलं आणि फाटकासमोर पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसलो. चौकीदार म्हणाला, "बाबूजी, घर जाओ, टाइम लगेगा."

"लगने दो," म्हटलं. आणि फाटकाकडे बघत तोंडातल्या तोंडात "हूं, हूं" करत राहिलो.