चिंचेच्या पाण्यात बुडालेला इतिहास

मंडळी, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

उलव्याजवळच्या गावात काल एका घराचा पाया खणताना तांब्याच्या जुन्या नाण्यांनी भरलेलं मडकं निघालं. मी पुरातत्त्व शिकवते, म्हणून सकाळी मैत्रिणीने कळवलं. पनवेलहून तशीच निघाले.

पोचले तर मडक्याची खापरं भरावात गेलेली. घरातल्या काकूंनी नाणी रात्रभर चिंचेच्या पाण्यात भिजवून राखेने घासलेली आणि सकाळीच भावकीत वाटलेली.

"लक्ष्मी हाय ती. एकट्यानं ठेवली तं घराला लागते," काकू म्हणाल्या.

मी सांगत बसले. सुटं नाणं फार काही सांगत नाही. सगळी एकत्र असली तर त्यातल्या सर्वात नव्या नाण्यावरून मडकं साधारण कधी पुरलं ते कळतं. कुठकुठली नाणी आहेत त्यावरून गावाजवळच्या खाडीत कोण व्यापाराला येत होतं, तेही कळतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग आदी कोनी सांगला का नाय आमाला?"



निघताना त्यांनी देव्हाऱ्यातलं एक नाणं कुंकू लावून माझ्या हातावर ठेवलं. "तुमी पन घरी आलाव, तुमचा वाटा."

ते उद्या सरकारात जमा करीन. आत्ता टेबलावर आहे. लखलखतंय, आणि त्यावर एक अक्षर उरलेलं नाही.

उलव्यात रोज कुठे ना कुठे पाया खणला जातोय. तुमच्या ओळखीत कुणाकडे मडकं निघालं, तर चिंच भिजत घालायच्या आधी मला फोन कराल?